अ‍ॅबिसिनियाचं बीट

२ नोव्हेंबर १९५५, बुधवार

मनमोहनचं पत्र आलं. अदिस अबाबा ते ठाकुरद्वार, सतरा दिवस. चार पानं, दोन्ही बाजूंनी. आमच्याच शाळेत गणित शिकवायचा, दोन वर्षांपूर्वी तिकडे मास्तर म्हणून गेला आणि साहेब झाला. लिहितो, यादीत तुझं नाव पक्कं आहे, आता फक्त मेडिकल पास हो आणि फेब्रुवारीच्या बोटीनं ये. तीन वर्षांचा करार. राहायला बंगली. हवा महाबळेश्वरची. बेचाळिसाव्या वर्षी भूगोलाच्या मास्तरला आणखी काय हवं? जन्मभर जो नकाशा छडीनं दाखवला त्यात जाऊन राहायचं!

एक इशारा दिलाय. तिथले लोक बुधवार-शुक्रवार उपास पाळतात. मटण, अंडं, दूध, सगळं बंद. त्या दिवशी मेसमध्ये एकच चीज: उकडलेलं बीट, बटाटा, गाजर, त्यात कच्चा कांदा, हिरवी मिरची, लिंबू, तेल. थंडगार. बरोबर आंबोळीसारखं काहीतरी, पण आंबट. मनमोहनचं पोट सहा महिने बिघडलेलं होतं, चालू वर्गातून पळावं लागे.

माझं तसं होणार नाही. मी तयारीनं जाणारा माणूस. संकल्प: आजपासून दर बुधवारी आणि शुक्रवारी घरात अ‍ॅबिसिनियन सॅलड.

दुपारी २. आजपासून नाही. उर्मिलेनं सुरमई केली होती. परवापासून.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

स्वतः केलं. आपला हात जगन्नाथ. नाक्यावरच्या सुंदराबाईकडून बीट आणलं, सोललं, चिरलं, उकडलं. सगळा रंग पाण्यात उतरला आणि पाणी माझ्या धोतरावर. बीट राहिलं साबणाच्या चिपटीसारखं. बटाट्याची गुलाबी पेज झाली. बेबीनं विचारलं, रंगपंचमी आली का. अकरा वर्षांची आहे, जीभ आईची.

नंतर पत्राचं तिसरं पान वाचलं. बीट सालीसकट, देठासकट अख्खं उकडायचं असतं. हे मनमोहननं पहिल्या पानावर लिहायला काय झालं होतं?

तरी सगळं खाल्लं. पोटात गुडगुड. म्हणजे तयारी सुरू झाली.

९ नोव्हेंबर, बुधवार

जमलं! अख्खं उकडलं, साल मोज्यासारखी निघाली. रंग काय, वा! मी हात धुवायला गेलो तेवढ्यात उर्मिलेनं वर आमचा परभी सांबार मसाला भुरभुरवला. अ‍ॅबिसिनियात परभी मसाला मिळतो का, असं खडसावून विचारलं. म्हणाली, त्यांना अक्कल असती तर मिळाला असता.

शिवाय तिनं स्वतःला, बेबीला आणि माझ्या धाकट्या भावाला, बंडूला, बोंबील तळले. बुधवारी! वास आख्ख्या माळ्यावर. मी भिंतीकडे तोंड करून बीट खाल्लं. उर्मिलेनं मात्र माझ्याबरोबर एक वाटी घेतली. पतिव्रता म्हणून नाही, वाया जाऊ नये म्हणून.

१२ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी ६

मोरीत लघवी केली. लाल.

दहा मिनिटं पाटावर बसून राहिलो. आई आठवली.

सकाळी ६.२०. बीट! अरे, काल शुक्रवार! बिटानं लघवी लाल होते, हे कुठल्याशा आरोग्याच्या पुस्तकात वाचलंय. उगाच जीव टांगणीला लावला. गाढव आहे मी.

चहाच्या वेळी उर्मिलेला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, मीही तेच बीट खाते, मला का नाही होत? समजावलं की बायकांची प्रकृती वेगळी. बेबीला? मुलांची वेगळी. बंडू खातच नाही, त्यामुळे तो प्रश्न निकालात.

२१ नोव्हेंबर, सोमवार

बंडू लोअर परळला छापखान्यात आहे. आज सगळा छापखाना बंद करून मोर्च्याला निघाला, फ्लोरा फाउंटनला. म्हणाला, दादा, चल. मी सांगितलं, मुंबई आपली आहे यात वादच नाही, आपल्या पणजोबांच्या वेळी या गल्लीत माड होते. पण मला पासपोर्ट काढायचाय. पोलिसांचा शेरा लागतो. मी तिकडे पोहोचलो की पाठिंब्याचं पत्र पाठवीन. तो चपला घालून गेला.

संध्याकाळी आला तो अनवाणी. डोळे सुजलेले. गोळीबार झाला. त्याच्या शेजारचा माणूस पडला, तो कोण होता हेसुद्धा याला ठाऊक नाही. उपाशी असणार म्हणून मी सॅलडची वाटी पुढे केली. सोमवार असूनही केलं होतं, हरताळाची सुटी अंगावर आली होती म्हणून. त्यानं वाटीत पाहिलं, गॅलरीत धावला आणि ओकला.

चुकलं माझं. पण तयार होतं म्हणून दिलं.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

शाळा बंद. पंधरा माणसं गेली म्हणतात. सकाळी लाल.

कालच्या बिटाचं असणार. फक्त, रविवारीही लाल होतं आणि त्याआधीचं बीट शुक्रवारचं. पण बीट हे मूळ आहे. मुळं खोल जातात, निघायला वेळ लागतो.

७ डिसेंबर, बुधवार

डाव्या कुशीत दुखतं. जिना. तिसरा माळा, दुसरं काय? कोट सैल झाला. उर्मिला म्हणते, अंग उतरलं. मी म्हणतो, सडपातळ झालो. सडपातळ माणसाला बोट लागत नाही, हे मनमोहनही कबूल करील.

बेबी तिच्या वाटीतलं बीट मोरीत टाकताना सापडली. म्हणजे मोरीत लाल दिसतं ते नेहमी माझंच असतं असं नाही. मोठाच दिलासा. रागावलो नाही.

१४ डिसेंबर, बुधवार

उर्मिलेनं शेवटी शामराव डॉक्टरांकडे ओढून नेलं. वडिलांच्या वेळचे डॉक्टर. बीट म्हटल्यावर ते खो खो हसले. मीही हसलो. मग त्यांनी विचारलं, कधीपासून? दुखतं का? कूस दाबून पाहिली आणि हसायचे थांबले.

म्हणाले, चार दिवस बीट बंद. पाचव्या दिवशी सकाळची लघवी बाटलीत घालून आण. एवढंच. बाटलीसुद्धा त्यांनीच दिली. मी म्हटलं, मेडिकल होऊन जाऊ दे, मग बघू. तर म्हणाले, अच्युत, मेडिकलवालेही बाटलीच मागतील. आणि लवकर कळलं तर काही करता येईल.

म्हातारे झाले आता शामराव.

उर्मिलेनं बाटली गरम पाण्यानं धुऊन फळीवर ठेवली. चहाच्या डब्याशेजारी. उठता बसता दिसते.

१६ डिसेंबर, शुक्रवार

पूर्ण विचार केला. चार दिवस बीट बंद म्हणजे दीड महिन्याची तयारी पाण्यात. संकल्प: आजपासून रोज बीट. दोन्ही वेळा. रोज खाल्लं की रोज लाल, मग हे कशाचं आणि ते कशाचं, हा घोळच राहत नाही. साधं लॉजिक आहे.

उर्मिलेला समजावलं. ती म्हणाली, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मी म्हटलं, कोंबडीचा विषय काढू नकोस, आज शुक्रवार आहे. ती उठून गेली. तिला हल्ली विनोद कळत नाहीत.

२ जानेवारी १९५६, सोमवार

मेडिकलचं पत्र! ३० जानेवारी, सकाळी दहा. पेढे वाटले. पेढा आणि बीट बरोबर खाऊ नये.

तिथल्या डॉक्टरांचा गैरसमज होऊ नये म्हणून इंग्रजीत अर्ज लिहून ठेवला. जाड लेजर पेपरवर. ‘आय अ‍ॅम अ हॅबिच्युअल ईटर ऑफ बीटरूट.’ पहिलंच वाक्य. आरशासमोर उभं राहून तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा चक्कर आली, खुर्चीवर बसून म्हटलं.

११ जानेवारी, बुधवार

प्रत्येक माळ्यावर थांबावं लागतं. शेजारच्या गंगुबाईंनी दार उघडून पाणी दिलं, न मागता. वर्गात आफ्रिका शिकवताना खुर्ची नकाशाजवळ ओढून घेतली. नववी ब हल्ली फार शिस्तीत वागते. एक कागदी बाण नाही की आरडाओरडा नाही. नुसती माझ्याकडे बघत बसतात. मी जाणार म्हणून वाईट वाटत असणार.

१६ जानेवारी, सोमवार

रेडिओवर जाहीर झालं, मुंबई केंद्राकडे. महाराष्ट्राला नाही. बंडू ताटावरून उठला, हातही न धुता जिना उतरला. खाली रस्त्यावर एकच गलका. उर्मिलेनं खिडक्या लावून घेतल्या. मलाही भयंकर राग आला. खरंच आला. आपल्याच घरात आपण पाहुणे!

घरात दोन बीट आहेत.

१७ जानेवारी, मंगळवार

नाक्यावर गोळीबार. खिडकीची काच थरथरते. कर्फ्यू. सुंदराबाई आली नाही. दीड बीट खाल्लं, उरलं अर्धं.

१८ जानेवारी, बुधवार

अर्ध्या बिटाच्या चकत्या केल्या, ट्रेसिंग पेपरसारख्या पातळ. उर्मिलेनं तिच्या दोन चकत्या माझ्या वाटीत टाकल्या. संपलं.

१९ जानेवारी, गुरुवार

कर्फ्यू तासभर उठला. उर्मिला गव्हाच्या पिठामागे गेली, मी बिटामागे. भाजी गल्लीत सगळ्या फळ्या बंद. रस्ताभर दगड आणि काचा. कोपऱ्यावर एक बंदूकवाला शिपाई होता, त्याला बीट कुठे मिळेल विचारलं. त्यानं मला वेडा समजून घर जाव म्हटलं. इतक्यात लांब कुठंतरी आवाज झाला, मी हातगाडीआड बसलो आणि मग उठताच येईना. भीतीनं नाही. दमच पुरेना.

बंडूनं पाहिलं. त्यानं पाठुंगळीला घेऊन तिन्ही माळे चढवलं. वर आल्यावर उर्मिलेला म्हणाला, वहिनी, दादाला वजनच नाही.

उर्मिलेनं पाणी दिलं. मग म्हणाली, बिटासाठी गोळी खायची तयारी आहे तुमची, पण रस्ता ओलांडून शामरावांकडे जायची नाही.

२० जानेवारी, शुक्रवार

दुसरा दिवस. लाल. जुना साठा.

शुक्रवार असून उकडलेला बटाटा, कांदा, मिरची, लिंबू. पांढरं सॅलड. खाववेना.

२१ जानेवारी, शनिवार

तिसरा दिवस. लाल. कुशीत रात्रभर. मनमोहनचं पत्र पुन्हा काढून चारही पानं वाचली. लघवीबद्दल एक अक्षर नाही. दोन वर्षं खातोय, एक अक्षर नाही.

२२ जानेवारी, रविवार

चौथा दिवस. डोळे मिटून गेलो आणि डोळे मिटूनच तांब्याभर पाणी ओतलं. पाहिलंच नाही, तेव्हा नोंद नाही.

मोरीच्या दाराशी बेबी उभी होती. तिनं विचारलं, बाबा, घरात तर बीट नाहीये ना?

मी म्हटलं, पाढे म्हण. ती तिथंच उभी राहून एकोणिसाचा पाढा म्हणायला लागली. चुकत होती. मी दुरुस्त केला नाही.

शामरावांनी सांगितलेले चार दिवस मी पाळले नसते. सरकारनं पाळायला लावले.

२३ जानेवारी, सोमवार, सकाळी ८

कर्फ्यू सकाळपुरता उठला. बंडू धापा टाकत आला. सुंदराबाईला घरून उठवून तीन बीट आणले पठ्ठ्यानं, पाल्यासकट, माती लागलेले. माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, घे दादा, तुझी अ‍ॅबिसिनिया. आठवडाभर हा पोरगा गोळ्या चुकवत फिरतोय आणि माझ्यासाठी बीट शोधतोय.

उर्मिलेनं पातेल्यात पाणी घेतलं. विचारलं, उकडायला टाकू का? सांबार घालणार नाही म्हणाली.

हिशेब चटकन झाला. आता खाल्लं की संध्याकाळपासूनचं सगळं पुन्हा बिटाच्या खाती. तीस तारखेपर्यंत तीन बीट पुरवता येतील. अर्ज तयार आहे. पातेल्यातलं पाणी तापायला लागलं होतं.

मी म्हटलं, नको. बाटली दे.

बाटलीवर धुळीचा कण नव्हता. सव्वा महिना ती रोज पुसत होती, हे मला आज कळलं. ती मोरीकडे पाठ करून उभी राहिली, मी येईपर्यंत. बाटली तिच्या हातात दिली. तिनं उजेडाकडे धरली नाही. मग पदर तोंडाला लावून रडली, अगदी आवाज न करता. शामरावांनी सांगितल्यापासून बीट सोडा म्हणून माझ्यामागे लागली होती. आज मी नको म्हटलं तर रडली.

बाटली गुंडाळायला कागद हवा होता. वर्तमानपत्र घ्यायला गेलो तर पहिल्या पानावर मेलेल्यांची नावं, आतल्या पानावरही नावं. त्यात कसं गुंडाळायचं? मग कपाटातून अर्ज काढला आणि त्यात गुंडाळली. लेजर पेपर जाड असतो, गळणार नाही.

शामरावांचा दवाखाना साडेआठला उघडतो. बंडू म्हणतो, दादा, पाठुंगळीला घेतो. मी म्हटलं, जिन्यापुरतं घे.