चपट्या छर्ऱ्यांचे चार डबे

सर,

तुम्ही भिंग डोळ्याला लावून "नऊ" म्हणालात ना, त्या क्षणी माझं सगळं फिरलं. तुम्हाला जाऊन आज महिना झाला. लिहिणार नव्हतो. पण आत्ता तुमचं कपाट उघडलं.

घाटकोपरचा आपला नेमबाजीचा हॉल सोडायचाय. नंदाने बोलावलं. "बाबांचं कपाट तूच रिकामं कर रे, माझ्याच्याने नाही होत." बाहेर बाकावर बसलीय. तुम्ही ठरवलेल्या मुलुंडच्या इंजिनीअरची अंगठी बोटात आहे.

"जिल्ह्याच्या संघात ये, मग नंदाचं बोलू." तुमचेच शब्द! त्यापायी बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं. वडील ओरडले, "छर्रे उडवून पोट भरतं का रे गाढवा?" मी त्यांचं ऐकलं नाही, तुमचं ऐकलं.

तुम्हीच शिकवलंत. चपट्या तोंडाचा छर्रा कागदात कंडक्टरच्या पंचसारखं स्वच्छ गोल भोक पाडतो. टोकदार छर्रा कागद फाडत घुसतो, मागे कागद पुन्हा मिटतो, भोक लहान दिसतं. भोक दहाच्या रेषेला शिवलं तर दहा, नाहीतर नऊ. पलीकडच्या लोखंडावर दोन्ही सारखेच चेपतात, पण तिथे गुण कोण मोजतंय?

निवडीच्या सकाळी विचारलं होतं, "सर, चपटे?"

"संपले रे. टोकदार घे. हात चांगला असला की छर्ऱ्यावर रडायचं नसतं."

शेवटचा नेम. कागद मिटला. रेष केसभर लांब. एका गुणाने वाट लागली.

आणि आज तुमच्या स्वेटरमागे चपट्यांचे चार डबे! सील तसंच. वर तुमचं अक्षर: "निवडीसाठी". निवड एकदाच झाली, सर. विसरलात? स्क्रूसुद्धा मोजून ठेवणारे तुम्ही? मुलगी द्यायची नव्हती तर तोंडावर सांगायचं होतं. एक कानाखाली द्यायची होती. भांडलो असतो, पण कळलं तरी असतं!

चीड याचीही येते की बंदूक अजून तुम्ही शिकवली तशीच खांद्याला लागते.

नंदा आत डोकावली. "काय मिळालं रे?"

"जुने कागद."

"बाबा शेवटपर्यंत विचारायचे, तो पोरगा कॉलेजला परत गेला का म्हणून."

मी डब्यांवर स्वेटर ओढला.

तिला सांगणार नाही. शब्द देतो. तिचा बाप तिला होता तसाच राहू दे. माफी मात्र मागू नका, ती माझ्याकडे नाही. डबे पिशवीत टाकलेत, हे पत्र खिशात. तिला चावी देतो आणि हॉलचं दार ओढून निघतो.

तुमचा कोणीच न झालेला,
दिलीप