शिरूरला रेल्वे नाही

बाबा,

आज सकाळी लाल गोधडी धुतली आणि शिरूरच्या गच्चीवर, भर उन्हात वाळत घातली. लग्नात तुम्ही दिलेली तीच. लग्नाला चौतीस वर्षं झाली, तेवढी वर्षं ती ट्रंकेच्या तळाशी पडून होती. यंदा उंदरांनी एक कोपरा कुरतडला म्हणून तिला बाहेर यावं लागलं. तुम्हाला जाऊनही आता एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला तुम्हाला पत्र लिहावंसं कधी वाटलं नाही, आज लिहिते आहे त्याला कारण सूनबाईनं गच्चीवर विचारलेला एक प्रश्न आहे. तो शेवटी सांगते. आधी बाजाराचं सांगते, कारण तुम्ही असता तर तुम्हीही आधी बाजाराचंच विचारलं असतं.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी दौंडच्या जुन्या बाजारात गेलो होतो. नाताळ तोंडावर आला आहे, कोपऱ्याला ठिगळ लावायला मला जुनं, मऊ, लाल सुती कापड हवं होतं. सूनबाई रांजणगावच्या एका कंपनीत ऑफिसात आहे, पगार चांगला आहे, दुकानात जाऊन हवं ते घेईल. पण तिला जुन्या वस्तूंचं भारी वेड. गाडी चालवता चालवता मला म्हणाली, "आई, याला आता थ्रिफ्टिंग म्हणतात. मोठमोठ्या लोकांत फॅशन आहे." मी म्हटलं, "आमच्या वेळी याला ऐपत नसणं म्हणायचे." ती इतकी हसली की पुढच्या उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायचं विसरली.

तुमच्याबरोबर मी त्या बाजारात पहिल्यांदा गेले तेव्हा आईला जाऊन वर्ष झालं होतं. नाताळच्या आधी तुम्हाला एक सुट्टी मिळायची आणि ती आपण तिथं घालवायचो. गोधडीसाठी एक गठ्ठा कापड आणि घरासाठी एक वस्तू, एवढीच आपली खरेदी. रेल्वेतली साहेब मंडळी बदली होऊन, नाहीतर देशच सोडून गेली की त्यांच्या घरातलं काहीबाही बाजारात यायचं. निळ्या फुलांची ती मोठी बशी तुम्ही तिथूनच आणलीत. तिचा एक टवका उडालेला आहे, पण नाताळच्या करंज्या आजही त्या बशीतच निघतात. कापड घ्यायची तुमची तऱ्हा वेगळीच. आधी ते सूर्यासमोर धरून विरलंय का बघायचं, मग ओलं बोट घासून रंग उतरतो का बघायचं, आणि शेवटी सरळ नाकाला लावायचं. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. "गार्डमामा, लुगडं घेताय का भाकरी?" असं एकीनं विचारलेलं मला आठवतंय. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कुणाचे वडील चिंध्या निवडतात? आणि घरी नेऊन स्वतः शिवतात?

तुम्ही शिवायचात ते मात्र घरी कमीच. मालगाडीचे गार्ड तुम्ही, शेवटच्या डब्यात एकटेच. मालगाडी बाजूला उभी करून मेल, एक्स्प्रेस पुढं काढायचे आणि तुम्ही तीन तीन तास कुठल्यातरी स्टेशनात पडून असायचात. तेव्हा पेटीतून सुई निघायची. गाडी चालू असताना एक टाका घातला नाहीत, तो तुमचा कायदा होता. गोधडी पुरी झाली की बोट ठेवून मला सांगायचात, "ही पट्टी भिगवनला घातली. ही जेऊरला. हितं केमला लई वेळ काढला बग, सगळी बाजू झाली." सोलापूरच्या वाटेवरची स्टेशनं मी शाळेत नाही, गोधडीवर शिकले. आता तुमच्या हुद्द्याला गार्ड म्हणत नाहीत बरं का, ट्रेन मॅनेजर म्हणतात. हे ऐकून तुम्ही मिशीतल्या मिशीत हसला असता.

पण लाल कापड नाही. काही झालं तरी लाल नाही. आपलं क्वार्टर रुळांच्या कडेला, मागच्या तारेच्या कुंपणापासून लाइन पंधरा पावलांवर. कुंपणावर लाल काही दिसलं की ड्रायव्हर ब्रेक मारणार, म्हणून अख्ख्या चाळीत लाल कपडा त्या बाजूला कुणी वाळत घालत नसे. आपल्याकडे राहायला आलेली आत्या तिचं लाल लुगडं पुढच्या रस्त्याकडं घालायची. तुम्ही तर घरात लाल आणायचंच बंद केलं होतं.

तर गेल्या आठवड्यात त्याच बाजारात मी लाल शोधत हिंडत होते. पडदे मिळाले, नायलॉनच्या साड्या मिळाल्या, सुती काही मिळेना. शेवटी ताडपत्रीवर बसलेल्या एका म्हातारीला विचारलं, लाल फेटा आहे का? मेंढरांमागं हिंडणाऱ्या माणसांचे असायचे तसले. तुम्ही माझी गोधडी तसल्याच फेट्यांची केली आहे, हे मला हाताला कळतं.

"आता कोन बांधतंय, आक्का?" ती म्हणाली. "रेडिमेड टोपीवानी मिळत्यात, घातला की झालं." मग मागच्या गाठोड्यात हात घालून तिनं एक काढला. "ह्यो हाय. पर खरं सांगते, आमच्या सासऱ्याचा हाय. म्हातारं जाऊन दोन सालं झाली. मयताचं कापड तुमाला चालंल का? न्हाईतर मागनं म्हनचाल."

मी म्हटलं, चालेल. तुमच्यासारखंच उन्हात धरलं, बोट घासलं, आणि सूनबाईच्या देखत नाकाला लावलं. लाज वाटली नाही. म्हातारी फेटा सोडता सोडेना. "फाडू नगा हां. कात्रीनं कापा. लई जपायचं म्हातारं त्याला." सूनबाईनं घरासाठी झाकण नसलेली चिनी मातीची बरणी घेतली. कापड आणि एक वस्तू, तुमचा हिशेब तिनं न सांगता पाळला.

परत येताना ती म्हणाली, "आई, यंदा माझी माहेरची माणसं येणार आहेत नाताळला. त्यांना ती गाडी थांबवायची गोष्ट सांगायची हं."

ही गोष्ट आमच्याकडे दर नाताळला होते, बाबा. केक कापला की मुलगा म्हणतो, आई, सांग. आणि मी सांगते. मी अकरा वर्षांची. नाताळचा आदला दिवस. आत्या चर्चची सजावट करायला गेलेली. तिला मदत म्हणून मी एकटीनं नवी गोधडी धुतली आणि वेंधळेपणानं मागच्या कुंपणावर वाळत घातली. गोधडी लाल. झालं! यार्डातून निघालेली मालगाडी करकचून थांबली. ड्रायव्हर खाली उतरून शिव्या घालतोय, शेवटच्या डब्यातून गार्ड तरातरा चालत येतोय, आणि गार्ड कोण? माझेच बाबा! इथं सगळे टाळ्या वाजवतात. मी पस्तीस वर्षं शाळेत पोरांना शिकवलंय, गोष्ट कुठं थांबवायची ते मला कळतं.

आता न थांबता पुढं सांगते. घरात लाल गोधडी आली कशी, हे कुणी मला कधी विचारलं नाही. त्या वर्षी बाजारात मी एका लाल पडद्यासाठी आकांत केला. सगळ्या घरांत नाताळला लाल असतं, आपल्याच घरात का नाही, म्हणून रस्त्यात बसले. आई असती तर नाही म्हणाली नसती, असंही म्हणाले. तुम्ही गोधडीसाठी तो पडदा घेतलात, आणि माझ्यासमोर उकिडवे बसून म्हणालात, "रुळाकडं वाळत घालायची न्हाई. काय सांगितलं?" मी म्हटलं, रुळाकडं न्हाई. तीनदा म्हणून घेतलंत. रंग तर तुम्ही मला झेंड्यांवरच शिकवले होते. लाल म्हणजे थांब, हे मला सफरचंदाच्या आधी माहीत होतं.

चोवीस तारखेला दुपारी ड्युटीचा निरोप आला. सोलापूर. परत यायला सव्वीस उजाडणार. दुसऱ्या दिवशी उपासनेत मी एकटी गाणार होते आणि तुम्ही पहिल्या बाकावर बसणार होतात, तसं कबूल केलं होतंत. तुम्ही पेटी उचललीत, झेंडे बगलेत घेतलेत आणि म्हणालात, "काय करू, पोरी." बस्स, एवढंच. त्याचा मला इतका राग आला होता. आत्या बाहेर गेली, मी गोधडी उचलली आणि कुंपणावर टाकली. तुमचीच गाडी आहे हे मला ठाऊक होतं. ती थांबली की तुम्ही उतराल आणि घर समोरच आहे, मग परत कशाला चढाल, एवढाच माझा विचार.

ड्रायव्हर ओरडत होता, "गार्डसाहब, ये देखो! किसका है ये?" तुम्ही धापा टाकत आलात. कुंपणाकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत. "माझ्याच घरचं हाय," म्हणालात. मग गोधडी काढलीत, उभ्या उभ्या तिची नीट घडी घातलीत आणि ती माझ्या हातात देता देता हळूच विचारलंत, "तुला ठावं नव्हतं. व्हय ना?" मी मान डोलावली. तुम्ही परत गेलात, हिरवा झेंडा दाखवलात, गाडी हलली. दुसऱ्या दिवशी मी गायले. पहिल्या बाकावर आत्या होती.

गाडी चार मिनिटं उशिरा आली तर चारच लिहिणारे तुम्ही. त्या दिवशी वहीत तुम्ही लिहिलंत की धुतलेली गोधडी घरातल्या मुलीनं अजाणतेपणी वाळत घातली होती. मला हे आत्याकडून कळलं, बऱ्याच वर्षांनी. तुमचं पॅसेंजर गाडीवर जाणं ठरल्यात जमा होतं, ठरलेल्या वेळा, रात्री घरी. स्वतःच्याच घरच्या कपड्यानं स्वतःची गाडी थांबवलेला गार्ड म्हणून तुम्हाला मेमो मिळाला आणि ते तीन वर्षं लांबलं. पुढच्या तीन नाताळांपैकी एकाही नाताळला तुम्ही घरी नव्हतात. तुम्ही घरी असावंत म्हणून केलं आणि मीच तुम्हाला घरापासून लांब ठेवलं. तुम्ही कधी बोलला नाहीत. मीही बोलले नाही, आणि पुढं त्याची विनोदी गोष्ट करून टाकली.

लग्नाच्या दिवशी तुम्ही ही लाल गोधडी दिलीत. लाल कापड हातात न धरणाऱ्या माणसानं वर्षभर फेटे गोळा केले असणार. देताना म्हणालात, "शिरूरला रेल्वे न्हाई. तितं बिनघोर वाळत घाल." मांडवातले लोक हसले. मला तो टोमणा वाटला, बाबा. चारचौघांत मारलेला. सासरी आल्या आल्या गोधडी मी ट्रंकेत घातली आणि वर ब्लँकेटं रचली. तुम्ही शिरूरला आलात की तुमची नजर पलंगावर जायची, ते मी बघायचे आणि चहा करायला उठायचे.

परवा कोपऱ्याला म्हातारीच्या सासऱ्याचा फेटा लावला. कात्रीनं कापून. तुमचे टाके एका बाजूला, माझे एका बाजूला. तुमचे बारीक आहेत. आज दोघींनी मिळून गोधडी धुतली. पाणी प्यायल्यावर ती हलेना. सूनबाई तरणीताठी, जिमला जाते, तरी जिन्यात दोनदा टेकली. कशीबशी गच्चीच्या दोरीवर चढवली, दोरी पार खाली आली, पाणी निथळत होतं. सूनबाई कमरेवर हात ठेवून, धापा टाकत, अगदी सहज म्हणाली,

"आई, ओली गोधडी एवढी जड असते? मग तुम्ही अकरा वर्षांच्या असताना एकटीनं कुंपणावर घातलीत कशी?"

हा तो प्रश्न. मी म्हटलं, तेव्हाची गोधडी लहान होती. ती "हो का" म्हणून खाली गेली. मी कठड्याशी उभी राहिले. इथं जवळपास कुठं रूळ नाहीत, तरी बराच वेळ उभी होते. आता हे लिहितेय तर संध्याकाळ झाली आहे आणि गोधडी अजून पुरती वाळलेली नाही. पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही, ते सुयांच्या डब्यात राहील. नाताळला माणसं जमतील तेव्हा खरं सांगेन का, ते आज सांगता येत नाही.

पण तुम्हाला तर सांगते. गाडी थांबली तेव्हा मी घाबरून रडत होते, असं मी गोष्टीत सांगते. मी रडत नव्हते. तुम्ही शेवटच्या डब्यातून उतरताना दिसलात आणि मला आनंद झाला होता. आणि गोधडी मी धुतलीच नव्हती. ती कोरडी होती, बाबा. तुम्ही दोन्ही हातांनी तिची घडी घातलीत, आणि मग मला विचारलंत.