एकही वापरणारा नाही

कात्रज, पुणे
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय विश्वजीत,

सप्रेम जय भीम.

हल्ली कागदावर कोण लिहितं, म्हणून तू आधी पाकीट उलटून बघशील. मी लिहितो. ईमेल केली असती, पण तुमच्या प्रकल्पात कुणी काही विचारलं की तुम्ही ते उचलून जाहीर पानावर टाकता, सगळ्या जगाला वाचता यावं म्हणून. मला जगाची एवढी हौस नाही. आणि फोन केला असता तर तू उचलला असतास, ही एक अडचण होती.

बाणेरला सगळे बरे असतील. वहिनींना नमस्कार सांग. इकडे दीपमालाची पाठ धरते, पण शिवणकाम सोडायला तयार नाही. मी त्याच कॉलेजात, त्याच लॅबमध्ये. मी निगुतीनं सांभाळलेल्या लिनक्सच्या मशीनसमोर बसून मुलं मला विचारतात, ‘सर, विंडोजवालं कुठलंय?’ कात्रज चौकातला ट्रॅफिक तुला माहीत असेलच. नसेल तर सुखी आहेस. सहा वर्षांत इकडे फिरकला नाहीस, तेव्हा सुखीच असशील.

तुझं अभिनंदन करायचं राहिलं होतं, ते आधी उरकतो. लिनक्सवर तुमचं वेलँड आता सगळीकडे आलं आणि म्हातारा एक्स निवृत्त झाला. पडद्यावर खिडक्या काढायच्या, दाबलेलं अक्षर ज्याच्या त्याच्या खिडकीत नेऊन पोचवायचं, हे काम त्यानं चाळीस वर्षं केलं. त्याला भोकं होती, हे मलाही मान्य आहे. कुठलाही प्रोग्राम कुठल्याही खिडकीत डोकवायचा, दुसऱ्याच्या नावानं तिथे टाइप करायचा. तुम्ही नवं घर बांधलंत आणि प्रत्येक खोलीला कुलूप घातलंत. चांगलं केलंत. चोर बाहेर राहिले.

आमची टिचकी त्याच भोकातून चालायची, एवढंच.

टिचकी कशी चालते ते तुला सांगायची गरज नाही, अर्धी तूच लिहिली आहेस. तरी सांगतो, कारण तू विसरला आहेस असं धरून चाललेलं मला सोपं जातं. पडद्यावर अक्षरांची पाटी. एकेक ओळ उजळत जाते. हवी ती ओळ आली की पाय दाबायचा, मग त्या ओळीतलं एकेक अक्षर उजळतं, पुन्हा पाय. निवडलेलं अक्षर, जी खिडकी उघडी असेल तीत जाऊन पडतं. माझ्या सृष्टीचे हात तिचं ऐकत नाहीत, बोलणं तिच्या आईशिवाय कुणाला कळत नाही, पण उजवा पाय शहाण्यासारखा वागतो. सदाशिव पेठेतल्या तुझ्या खोलीवर २०११ साली सहा रविवार बसून आपण ते लिहिलं. पेडल दीपमालाच्या जुन्या शिलाई मशीनचं, वायरी मी जोडल्या.

दहा वर्षांच्या मुलीनं पहिल्यांदा काय लिहिलं, ते आठवतं? ‘दूध नको.’ दहा वर्षं आम्ही तिला दोन वेळा दूध पाजत होतो. दीपमाला रडली आणि तू मात्र पोट धरून हसलास. सृष्टीला तुझं ते हसणं फार आवडलं. तेव्हापासून तू विश्वाकाका झालास.

आता ती चोवीस वर्षांची आहे. गेली चार वर्षं पेठेतल्या एका प्रकाशकांची मुद्रितं तपासत होती. त्यांच्याच वेबपेजवर पुस्तक उघडायचं, चूक दिसली की शेजारी लिहायचं. ऱ्हस्वदीर्घात तिनं भल्याभल्या लेखकांना सोडलं नाही. दिवसाला आठ पानं व्हायची. आठ म्हणजे कमी वाटतील तुला. तिच्या पायाला विचार.

‘होती’, ‘व्हायची’ असं लिहितोय, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

तिच्या लिनक्सच्या जुन्या आवृत्तीला दुरुस्त्या मिळायच्या बंद झाल्या, प्रकाशकांचं पेजही जुन्या ब्राउझरवर उघडेना. म्हणून ऑगस्टमध्ये मी तिच्या मशीनवर नवीन आवृत्ती घातली. पूर्वी लॉगिन करताना खाली एक्स निवडायची सोय असायची, ती काढलेली होती. टिचकीची पाटी आली. ओळी उजळल्या, तिनं पाय दाबला, ‘क’ निवडला गेला आणि कुठेच उमटला नाही. तिनं पुन्हा दाबला. पुन्हा नाही. पेडलची वायर सुटली असेल असं वाटून ती माझ्याकडे बघत राहिली.

मी दोन दिवस पेडल उघडून बसलो, विश्वजीत. वायरी तपासल्या, डाग दिला, स्क्रू बदलले. खरं म्हणजे काय झालंय ते मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. तिसऱ्या दिवशी तिला सांगितलं, ‘विश्वाकाकानं दार बंद केलंय.’

प्रकाशक भले गृहस्थ आहेत. तीन आठवडे थांबले, मग ते पुस्तक दुसऱ्याला दिलं. मला फोनवर म्हणाले, ‘अहो, ताईंना बरं वाटलं की कळवा, आपण पुन्हा सुरू करू.’ तिला काय झालं होतं रे? ती ठणठणीत होती. सकाळी उठून, वेणी घालून, टेबलाशी बसत होती. गणपती आले आणि गेले, ती बसतच होती.

शेवटी मी कॉलेजातून मोडीत निघालेली एक मशीन आणली आणि तीत जुनी प्रणाली घातली. तीवर टिचकी चालते. पण तिथे प्रकाशकांचं पेज उघडत नाही, बँक उघडत नाही, आताचं काहीच उघडत नाही. नुसत्या कोऱ्या पानावर लिहायचं आणि आम्ही ते वाचायचं. त्या मशीनची डिस्क आता खरखर आवाज करते. ती बंद पडेल त्या दिवशी माझी मुलगी गप्प होईल. नवीन मशीनवर जुनी प्रणाली बसत नाही, हे मी चार मशीनवर करून पाहिलंय.

तीन महिने आमच्या घरात तुझं नाव निघालं की सृष्टी मान वळवायची. मी तिला अडवलं नाही. उलट अधूनमधून सरपण घालत होतो. मोठ्या लोकांना लहान माणसं दिसत नाहीत वगैरे. मला चांगलं बोलता येतं, तुला माहीत आहे.

गेल्या रविवारी तिनं ठरवलं की तुला खडसवायचं, आणि तेही तुमच्या जाहीर पानावर, जिथे तुला उत्तर द्यावंच लागेल. ती पानं साधी असतात, जुन्या ब्राउझरवरही दिसतात. मी भाजी आणायला गेलो होतो. तिनं टिचकीचं नाव शोधलं आणि तिला पान सापडलं.

आता ते लिहितो, ज्याच्यासाठी हवापाण्यापासून सुरुवात केली.

मार्च २०२३. तू त्या पानावर विचारलं होतंस: ‘टिचकीसारखे प्रोग्राम अजून कुणी वापरतं का? वापरत असतील तर परवानगी विचारून अक्षर आत सोडणारी एक वाट आत्ताच ठेवता येईल. नंतर अवघड जाईल.’ खाली, माझ्या नावानं, माझं उत्तर आहे. ‘मी टिचकीचा सहलेखक. आज तिचा एकही वापरणारा नाही. खुशाल बंद करा.’

मी ते लिहिलं तेव्हा सृष्टी शेजारच्या खोलीत होती. पेडलचा आवाज येत होता.

का लिहिलं, ते सांगतो. क्षमा करावीस म्हणून नाही, कारण क्षमा करायचा हक्क तुझ्याकडे नाही. २०१९च्या त्या लिनक्सवाल्यांच्या संमेलनात तू टिचकी दाखवलीस. मी मागच्या रांगेत होतो. तू म्हणालास, ‘मी एका मित्राच्या मुलीसाठी हे केलं.’ आणि पडद्यावर, भिंतीएवढा, माझ्या मुलीचा पाय. पेडलवर ठेवलेला. नखं वाढलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू मला विचारलं नव्हतंस, तिला विचारलं नव्हतंस, आणि मी सहा रविवारांतून ‘एक मित्र’ एवढाच उरलो होतो. त्यानंतर मी तुझा फोन घेतला नाही. तूही तीनदा करून थांबलास.

तुझा तो प्रश्न वाचला तेव्हा मला वाटलं, हा बाणेरला बसून जगाला विचारतोय, कात्रजला एक फोन करून मला विचारत नाही. म्हणून लिहिलं, एकही नाही. मला वाटलं, हे वाचून तू ताडकन फोन करशील. म्हणशील, ‘अरे गाढवा, आणि सृष्टी?’ मी त्या फोनची वाट बघत होतो. खरंच बघत होतो, दोन दिवस मोबाइल खिशातून बाहेर काढून ठेवला होता.

तू खाली लिहिलंस, ‘धन्यवाद. बंद करतो.’ आणि ते पान बंद केलंस.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या महिन्यात, दुसऱ्या वर्षी. एक ओळ पुरली असती. मी नवीन आवृत्ती येईपर्यंत अडीच वर्षं गप्प बसलो आणि आल्यावर पेडल दुरुस्त करायला घेतलं. माझा अपमान झाला होता ना. तो मी तिच्या आवाजाच्या बदल्यात सांभाळला. इतकी वर्षं लोक मला सोशिक बाप म्हणत आले आणि मी ते ऐकून घेत आलो.

पण तुलाही सोडणार नाही. तू आमच्या घरी मटकीची उसळ जेवला आहेस. तो पाय तुला माहीत होता, तू तो भिंतीवर लावला होतास. ‘एकही नाही’ वाचून तुझा हात थांबला नाही? माझं खोटं तुझ्या सोयीचं होतं, म्हणून तू ते तपासलं नाहीस. तपासलं असतंस तर काम वाढलं असतं.

मी भाजी घेऊन आलो तर सृष्टी टेबलाशी होती. मी मागे उभा राहिलो. एकेक अक्षर येत होतं आणि मला शेवटपर्यंत थांबावं लागलं. ‘बाबा, तेव्हा मी कुठे होते?’

मी सांगितलं, शेजारच्या खोलीत. दीपमालालाही कळलं आहे. ती माझं ताट वाढते आणि आत जाते.

सृष्टीनं पूर्ण आठवडा घालून त्या पानासाठी मजकूर लिहिला. इंग्रजीत आहे, पाचच वाक्यं. ‘मी सृष्टी, वय चोवीस. मी टिचकी रोज वापरते. या पानावर माझ्या वडिलांनी खोटं लिहिलं आहे. ज्यांनी ते खरं मानून पान बंद केलं, ते मला ओळखत होते. हे पान पुन्हा उघडा.’

पान जुन्या ब्राउझरवर दिसतं, पण लॉगिन करता येत नाही. तेव्हा तिनं ते पेनड्राइव्हवर घेऊन माझ्या खात्यातून टाकायला सांगितलं. मी वाचलं आणि तिच्याजवळ बसलो. म्हटलं, ‘बाळा, खोटं लिहिलं याऐवजी चुकीचं लिहिलं असं करूया का?’ तिनं पाय दाबायला सुरुवात केली. मी तेवढा वेळ भिंतीकडे बघत होतो. मग वाचलं.

‘ही चूक नाही. चुका मला ओळखता येतात.’

आज सकाळी ते जसंच्या तसं टाकलं. वर माझं नाव आहे, खाली तिचं. हे पत्र पोचेपर्यंत तू ते वाचलं असशील आणि तुमच्या प्रकल्पातल्या सगळ्यांनी वाचलं असेल. उत्तर देशील ते तिला दे, आणि त्याच पानावर. मला वेगळं काही लिहू नकोस. माझी बाजू समजून घेतलीस, तरी ती तिथे मांडू नकोस.

तुला लिहिलेल्या पत्रांखाली मी ‘सृष्टीचा बाबा’ अशी सही करायचो. आता तिला विचारल्याशिवाय तसं लिहिणार नाही, आणि विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

समाधान