रानमाठ, कुंपण आणि शेताची शेवटची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शेती, पाठीवरच्या फवारणी पंपामुळे सगळ्यांना 'पंपवाली' म्हणून माहीत असलेली, हा कागद स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेनने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. दाखला देताना त्यांनी मला आजचा वार विचारला. मी म्हणाले, "का, तुम्हाला माहीत नाही?" त्यांनी ते लिहून घेतलं नाही, पण चेहरा लक्षात ठेवण्यासारखा केला.

माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, असं तेच डॉक्टर म्हणतात. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन मी खात्री करून घेतली. ते दोघे एकाच कॉलेजात शिकलेले आहेत असं नंतर कळलं. तरी सावधगिरी म्हणून हे लिहीत आहे.

या कागदाची पानं तीन. प्रत्येक पानावर माझी सही आहे. चौथं पान निघाल्यास ते माझं नाही.

१. राहतं घर, त्यातलं सामान आणि बँकेत असेल ते, माझ्या मुलाला. तो शहरात विम्याच्या कचेरीत आहे. गेल्या महिन्यात त्याने चार वेळा फोन करून माझ्या छातीची चौकशी केली. त्याआधीच्या वर्षभरात गुडघ्याची एकदाही केली नव्हती. सूनबाई आल्या तेव्हा त्यांनी बैठकीच्या खिडक्यांचं माप घेतलं. पडद्यांसाठी, म्हणाल्या. पडदे अजून आलेले नाहीत. तरीही घर त्यांनाच. खिडक्या वाईट नाहीत.

२. पंप कुणालाही देऊ नये. त्याची पट्टी माझ्या खांद्याला बसलेली आहे, दुसऱ्याला काचेल. नोझल काढून घ्यावं, ते नवीन आहे.

३. तणाचं औषध मोजायचा पेला ते विकणाऱ्या दुकानदाराला द्यावा. हा पेला त्यानेच दिला होता. त्याच्या मधोमध खिळ्याने ओढलेली एक रेघ आहे. ती माझी.

या रेघेबद्दल लिहावं लागेल, कारण पुढचं कलम तिच्यावर उभं आहे. तणनाशकाच्या डब्यावर छापलेली मात्रा मी कधीच खरी मानली नाही. डबा विकणारा मात्रा सांगतो, तेव्हा तो जास्तच सांगणार. म्हणून पंपाला एक पेला लिहिलं असेल तर मी रेघेपर्यंत भरत असे. पहिली काही वर्षं तण मरायचं. मी दुकानदाराला तोंडावर म्हणायची, "निम्म्यात मेलं की रे."

तो म्हणायचा, "आज्जी, आज मेलं. पुढचं तुम्ही बघा."

मला ती धमकी वाटली. तो त्या बाबतीत बरोबर होता. बाकी बाबतींत त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

४. सहा एकर शेत, ज्याच्या अर्ध्यात मका आणि अर्ध्यात सोयाबीन असतं आणि दरवर्षी बाजू बदलते, ते माझ्या धाकट्या भावाला. त्याचं शेत लागून आहे. मध्ये नऊ वर्षांपासून तारेचं कुंपण आहे आणि तितकीच वर्षं आम्ही बोललेलो नाही. कुंपण मी घातलं.

कारण असं. एका सकाळी मी शेतात गेले तर भाऊ बांधाच्या माझ्या बाजूला, सोयाबीनमध्ये वाकलेला. हातात पोतं.

मी म्हणाले, "काय पेरतोस माझ्यात?"

"पेरत नाही ताई, उपटतोय. रानमाठ आहे. फुलावर आलाय."

"तुला काय त्याचं?"

"बी माझ्याकडे पण येतं ना. पोत्यात बघ हवं तर."

मी बघितलं नाही. वर तण भरून खाली बी ठेवता येतं.

तो उठला, गुडघे झाडले आणि म्हणाला, "माझ्यावर संशय घ्यायचा तर घे. पण औषध तरी पुरतं मारत जा."

या एका वाक्याने माझी खात्री झाली. औषध जास्त खपावं ही काळजी दुकानदाराला असेल, याला का? दोघांचं संगनमत असणार. आठवड्याच्या आत मी कुंपण घातलं. त्यानंतर रानमाठ असा वाढला की लाल देठ अंगठ्याएवढे झाले. मक्यात तो लपून राहायचा, सोयाबीनमध्ये पिकाच्या वर डोकं काढायचा. मी म्हणायची, बघा, कुंपणावरूनही टाकतो.

५. गेल्या काढणीच्या वेळी शेतकी कार्यालयातल्या बाई आल्या. औषध कुठल्या रानमाठाला लागतं ते पाहायला त्यांनी दोन्ही शेतांतलं त्याचं बी वेगवेगळं आणायला सांगितलं. माझ्या बाजूचं बी दोन मिनिटांत पिशवीभर झालं. भावाच्या बाजूचं मिळवायला आठ दिवस लागले. बी धरलेलं एकच झाड होतं, तेही कुंपणाला टेकून. मला तिथेच कळायला हवं होतं.

यंदा पेरणीआधी मी गॅलरीत वीस कुंड्या लावल्या, दहा त्याच्या, दहा माझ्या. वरच्या चिठ्ठ्या कुणी बदलू नये म्हणून बुडाला खिळ्याने खुणा केल्या. रोपं चार बोटं झाल्यावर डब्यावरची पुरती मात्रा मारली. दहा दिवसांत भावाची सगळी मेली. माझी सात उभी राहिली.

मी गॅलरीला कुलूप लावून पुन्हा केलं. पुन्हा सात. कुंड्या उलट्या करून पाहिल्या. खुणा माझ्याच हाताच्या होत्या.

बाई म्हणाल्या, "निम्म्या औषधाने मऊ झाडं मेली, चिवट राहिली. दरवर्षी त्यांचंच बी खाली पडत गेलं."

"म्हणजे मी पेरलं?"

"निवडून पेरलंत, मावशी."

६. म्हणून शेत भावाला. त्याला वाटेल, बिघडवून दिलं. त्याला बरोबर वाटेल. ते सुधारेल असा दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही. मुलगा रोप आणि तण यांत फरक करू शकत नाही. हे मी त्याला विचारून पाहिलं आहे.

भावाने करायचं ते: मागच्या सालचं औषध पुढच्या साली मारायचं नाही, औषधाची जातच बदलायची. मात्रा पुरती. चार बोटांच्या वर गेलेला रानमाठ हातानेच उपटायचा, तोही फुलाआधी. उपटून जागेवर टाकायचा नाही, तो पुन्हा मूळ धरतो. पोत्यात भरून शेताबाहेर न्यायचा. काढणीचं यंत्र शेताबाहेर पडण्यापूर्वी झाडून घ्यायचं. एकही झाड बियांवर येऊ दिलं नाही तर चारपाच वर्षांत जमीन बरीच साफ होते, असं बाई सांगतात. यातलं बहुतेक त्याला माहीत आहे. मला माहीत आहे हे त्याला कळावं म्हणून लिहिलं.

७. त्याने माझ्या शेतात बी टाकलं, असं मी दुकानात, बँकेत आणि पिठाच्या गिरणीत मिळून निदान चाळीस माणसांना सांगितलं. ते खोटं होतं. हे कलम तिन्ही ठिकाणी मोठ्याने वाचावं. गिरणीत यंत्र बंद करून वाचावं, नाहीतर गिरणीवाला ऐकू आलं नाही म्हणेल.

८. कुंपण काढावं. तारा मुलाने गुंडाळाव्यात, हातमोजे घालून.

९. वरची कलमं लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हा कागद मी मेल्यावर वाचला जाईल. यंदाचा रानमाठ आजच फुलावर आहे आणि औषधाने आता मरत नाही. महिनाभरात बी पडेल. माझ्याने वाकवत नाही. डॉक्टरांवर विसंबून राहिलं तर मी कदाचित त्याआधी जाईनही, पण त्यांचा काही भरवसा नाही.

म्हणून कलम आठपुरती मरणाची वाट पाहिलेली नाही. आज सकाळी मी पक्कड घेऊन गेले आणि माणूस आत येईल एवढी तार कापली. तोडलेल्या जागी एक रिकामं पोतं घडी करून ठेवलं, वर दगड. हाक मारली नाही. काय म्हणायचं ते ठरलं नव्हतं.

दुपारी जाऊन पाहिलं. दगड बाजूला होता. पोतं नव्हतं.

चोरीलाही गेलं असेल.

हे सगळं मी वाचून, समजून, कुणाच्या दडपणाखाली न येता लिहिलं आहे. दडपण आणायला गेल्या नऊ वर्षांत फारसं कुणी आलेलंही नाही.

सही: (पंपवाली)
ठिकाण: माझं स्वयंपाकघर, खिडकीजवळचं टेबल
तारीख: १३ ऑगस्ट २०२४, मंगळवार

साक्षीदार पहिली: शेजारीण, निवृत्त परिचारिका. पंपवालींनी माझ्यादेखत सही केली. सही करण्यापूर्वी पानं चार वेळा मोजली, आणि माझी सही झाल्यावर पुन्हा एकदा.

साक्षीदार दुसरा: पोस्टमन. माझ्यादेखतही सही केली. कलम नऊमधल्या शेवटच्या शंकेपुरतं लिहितो, की मी येताना शेताच्या बाजूने आलो. पोतं चोरीला गेलेलं नाही. ते अर्धं भरलं आहे.