हसऱ्या चेहऱ्यावरचं बोट

अहो,

नमस्कार मागाहून, आधी बातमी: चिमीच्या पायाचं ऑपरेशन नीट पार पडलं. थोडं थोडं जेवतेही.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीत बारीक नळी ठेवली होती. त्यातून औषध जायचं, कमरेखाली दुखायचंच नाही. “आई, माझे पाय कुठे ठेवलेस?” म्हणून हसायची. काल नळी काढली, आता गोळ्या आहेत.

किती दुखतंय ते कळावं म्हणून नर्सताई चेहऱ्यांचा तक्ता दाखवतात. चिमी दर वेळी हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवायची. आज चादर बदलताना तिची उशी ओलीचिंब लागली.

“अगं, सांगितलं का नाहीस?”

“बाबा म्हणाले, शूर मुली रडत नाहीत.”

मी तशीच जाऊन डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्यांनी लगेच औषध वाढवलं, म्हणाल्या, “तू खरं सांगितलंस तरच मला कळेल ना, बाळा?” आता झोपलीय.

सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? धाकटा त्रास देत नाही ना?

तुम्ही तिच्या भल्यासाठीच म्हणालात, ठाऊक आहे मला. पण उद्या फोनवर तिला किती दुखतंय ते विचारा. रडली तर रडू द्या. तुमचाही आवाज भरून आला, तर तिला ऐकू द्या.

तुमचीच,
चिमीची आई