अ, ब आणि क फोटोंचा निकाल

नांदेड
२ डिसेंबर २०२४

प्रिय चन्नबसप्पा,

नमस्कार. तुझं पत्र शनिवारी मिळालं. शिवगंगावहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. इकडं थंडी पडली आहे. देविका पुण्याहून आईबापाकडं येऊन राहिली आहे, तिचं ऑफिस हल्ली लॅपटॉपवरच चालतं. आम्ही ठीक.

तुझा निकाल वाचला. सौदामिनीच्या तीन फोटोंमागे मी नुसतं अ, ब, क लिहून पाठवलं होतं, आणि कोणता फोटो कोणत्या लेन्सचा हे तू ओळखायचं होतंस. तू लिहितोस, ‘अ’ म्हणजे निक्कॉर, कारण जपानी काच चेहरा भरून दाखवते. ‘ब’ श्नायडर. आणि ‘क’ म्हणजे तू मला वापरायला दिलेली तुझी रोडेनस्टॉक, यात तुला तिळभर शंका नाही. “गालाची हाडं बघ, गळ्याच्या शिरा बघ, कोरून काढल्यागत. डोक्यावरून पदर घेतल्यानं तर चेहरा आणखीच उठलाय. माधव, आता तरी मान, काचेकाचेत फरक असतो.”

लाकडी कॅमेरे घेतले तेव्हापासून आपण यावर भांडत आलो. माझं म्हणणं तुला पाठ आहे. बावीसच्या अ‍ॅपर्चरला, म्हणजे लेन्सचं भोक बारीक करून, खिडकीच्या उजेडात, चांगल्या कंपन्यांच्या लेन्सेस शेजारी शेजारी ठेवल्या तर कुणाला फरक सांगता येणार नाही. काचेला बुरशी असली, शटर अडकत असलं किंवा कॅमेऱ्याच्या भात्यातून उजेड गळत असला तरच फोटो बिघडतो. नाव कुणाचं कोरलंय यानं नाही.

मीच जिंकलो, चन्नबसप्पा. तिन्ही फोटो निक्कॉरचे आहेत. तुझी रोडेनस्टॉक मी अजून डब्यातून बाहेरच काढलेली नाही.

तुला फसवायचं मनात नव्हतं. आखाडात एका सकाळी पुढच्या खोलीत खिडकीजवळ खुर्ची मांडली आणि सौदामिनीला बसवलं. तिन्ही लेन्सेस एकाच उजेडात वापरून बघायच्या असं ठरलं होतं. पहिली फिल्म झाली आणि ती पोट धरून उठली. म्हणाली, “जरा पडते, मग बसते.” ती काही पुन्हा बसली नाही. आठवड्याभरात इथल्या डॉक्टरांनी हैदराबादला पाठवलं. तिथं मला एकट्यालाच आत बोलावून सांगितलं. स्वादुपिंडाचा आहे, आणि पसरलेला आहे.

वर ‘आम्ही ठीक’ लिहिलंय ते सवयीनं. खोडत नाही.

मी तिला अल्सर सांगितला. शाळेत सगळी हयात भूगोल शिकवलेली बाई, रिपोर्ट वाचता येत नाहीत असं थोडंच आहे. पण तिनं काही विचारलं नाही. गणपतीच्या सुमारास एकदा आपण होऊन म्हणाली, “अहो, तुमची ती परीक्षा अर्धवटच राहिली की. आज बरं वाटतंय. लावा कॅमेरा.”

मी कॅमेरा लावला. डोक्यावरून काळं कापड घेतलं. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर ती उलटी दिसत होती, खुर्ची वर, डोकं खाली. मी फोकस करायला लागलो आणि मला काही दिसेना. बराच वेळ मी त्या कापडाखालीच राहिलो. लेन्स बदलायची होती हे शटर दाबून झाल्यावर ध्यानात आलं. तो तुझा ‘ब’.

‘क’ दिवाळीनंतरचा. तोवर औषधांनी केस गेले होते, म्हणून पदर. देविकानं आणि मी दोन्हीकडून धरून तिला खुर्चीपर्यंत आणलं. दोन सेकंद हलायचं नसतं. ती हलली नाही. त्या दिवशी लेन्स बदलायची आठवण होती, पण बदलली नाही. कशाला बदलायची?

तू प्रत्येक फोनला निकाल मागायचास. मी काचांविषयीच बोलायचो आणि ठेवून द्यायचो. आजारपण घराबाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, असं सौदामिनीनंच बजावलं होतं. बहिणीला नाही, शेजाऱ्यांना नाही. शेवटी मी ते तीन फोटो पाकिटात घातले. कुणीतरी तिच्याकडं बघावं, मला तोंडानं सांगावं लागू नये, एवढंच होतं. तुला दिसेल असं वाटलं होतं. तुला काच दिसली. तुला दोष देत नाही. मीही चार-पाच महिने काचच बघून राहिलो होतो.

तुझी पत्रं मी तिला वाचून दाखवतो हे तुला माहीत आहे. शनिवारी वाचताना गालाच्या हाडांपाशी आलो आणि थांबलो.

“वाचा की पुढं,” ती म्हणाली.

वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, “भाऊजींना खरं कळवून टाका. नाहीतर अजून एखादी जर्मन काच विकत घेतील.” आणि थोडं हसली. हसल्यावर तिला खोकला येतो.

खोकला थांबल्यावर तिनं फोटो मागितले. मी तिला एकही दाखवला नव्हता. देविका नको नको म्हणत होती. मी माझ्याकडच्या प्रती आणून पांघरुणावर ओळीनं मांडल्या. तिनं ‘अ’कडं फारसं बघितलं नाही. ‘क’कडं बघून म्हणाली, “आईसारखी दिसायला लागले.” ‘ब’ मात्र हातात घेऊन बसली.

“या दिवशी तुम्हाला ठाऊक होतं,” ती म्हणाली.

मी मान डोलावली.

“मलाही होतं. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते.” मग म्हणाली, “कापडाखाली एवढा वेळ काय करून राहिला होतात, मला कळत नव्हतं का? सगळं कापड हलत होतं. मी म्हटलं, असू दे. रडायला तरी एक जागा आहे माणसाला.”

तिनं माझा हात धरला. आता तिच्या हाताला वजन असं राहिलेलं नाही.

कालपासून ती पाण्याशिवाय काही घेत नाही. डॉक्टर घरी येऊन गेले. पुन्हा हैदराबादला नेण्यात अर्थ नाही म्हणाले, दुखणार नाही एवढं आपण बघू. देविका स्वयंपाकघरात नळ सोडून रडते. मी बाहेर बसून हे लिहितोय. सकाळी शुद्धीवर होती तेव्हा तिनं तुझं नाव काढलं. “भाऊजी येतात का?” एवढंच.

फोनवर हे मला बोलवणार नाही, आणि हे पत्र साध्या टपालानंही टाकत नाही. शेजारचा बसवंत उद्या उदगीरला निघालाय, तो तुझ्या हातात देईल. वहिनींना जमत असेल तर त्यांनाही आण. आल्यावर ‘बरी दिसतेस’ म्हणू नकोस, तिला ते आवडत नाही. नुसता शेजारी बस.

आजवर तू माझ्या प्रत्येक पत्राला उत्तर दिलंस. या पत्राला उत्तर लिहू नकोस. तेवढा वेळ नाही. निघ.

तुझा,
माधव