विमानासाठी तुझं वजन

आई, लांबूनच पाया पडतो.

आफ्रिकेच्या जंगलात नेणाऱ्या छोट्या विमानात आपल्या दोन जागा धरल्या, असं सहलवाल्या बाईंनी आजच कळवलं. त्यांना प्रत्येकाचं वजन हवं असतं. तुझं मी बासष्ट लिहिलं, तीन वर्षांपूर्वीचं.

नंतर दादाला सांगितलं, तर म्हणाला, “बासष्ट? अरे, तिचे सगळे ब्लाउज टिपा मारून आत घेतलेत.”

फोनवर तू ‘ठणठणीत आहे’ म्हणून विषय बदलतेस, म्हणून लिहितोय. मी मजेत आहे. जेवताना समोर कोणी नसतं, तेव्हा सफारीच्या पुस्तकातले हत्ती बघत जेवतो. तू डॉक्टरांकडे गेलीस का?

खरं वजन कळव. बाई पंधरा तारखेपर्यंत थांबणार आहेत. तोवर आकडा आला नाही, तर जंगल राहू दे, मी सरळ घरी येतो.

तुझाच,
धाकटा